देह : अमानत आणि आरोप

आजारी माणसाला भेटायला गेले की आपण दोन प्रश्न विचारतो. 'आता तब्येत कशी आहे?' हा पहिला आणि 'हे झाले कसे?' हा दुसरा. हिवताप झालेल्याला दुसरा प्रश्न विचारला तर त्यात केवळ काळजी असते. डास चावला, ताप आला, विषय संपला. मधुमेह झालेल्या आणि वजन वाढलेल्या माणसाला तोच प्रश्न विचारला की त्याचा सूर बदलतो. गोड फार खात होता का? चालत नव्हता का? जिभेवर ताबा नाही, दुसरे काय! विचारपुशीची उलटतपासणी होते आणि उत्तर देणारा आरोपीसारखा खाली मान घालून बसतो.

या लेखात आम्हांला एवढ्याच गोष्टीचा विचार करायचा आहे. आपल्या देहाची जबाबदारी आपल्यावर आहे हे मान्य केले, तर देह बिघडल्याचा दोषही आपलाच ठरतो का? आणि दोष आपला नाही असे म्हटले, तर उद्या सकाळी उठून चालायला तरी का जायचे? पहिले टोक धरले की माणूस शरमेने खचतो. दुसरे धरले की तो सारे तकदिरीवर सोपवून स्वस्थ बसतो. आपल्या समाजात दोन्ही प्रकारची माणसे घरोघरी भेटतात, आणि पुष्कळदा एकाच माणसात दोन्ही भेटतात.

हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सातव्या महिन्यात रक्तातली साखर वाढली, बाळंतपणानंतर उतरली आणि वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मधुमेह कायमचा मुक्कामाला आला. गरोदरपणी ज्या बाईची साखर वाढते तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या मानाने सुमारे सातपट असतो, हे अनेक पाहण्या एकत्र तपासून २००९ साली मांडले गेले आहे. आम्हांला मात्र ते बाळंतपणाच्या वेळी कोणी सांगितले नव्हते. निदानाच्या दिवशी एका दवाखान्यात वजनकाट्याकडे पाहून आम्हांला जे ऐकवले गेले ते तीन शब्दांचे होते : 'तोंड आवरा आता.' वजन तेव्हा ७८ किलो होते. आज ते ६९ आहे, औषध अर्ध्यावर आले आहे, आणि त्या तीन शब्दांवरचा आमचा विचार अजून चालूच आहे.

तोंड आवरणे हाच जर या आजाराचा सारा अर्थ असेल, तर आकडे काय सांगतात ते पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. एका पिढीत इतक्या कोटी लोकांची जीभ एकदम सैल झाली, असे म्हणायचे का? सैल जिभेची माणसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीही होती. लग्नात पैजेवर बिर्याणी खाणाऱ्यांच्या गोष्टी आपण त्यांच्याच तोंडून ऐकल्या आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम या बाबतीत मोलाचे आहे. २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३. पण अंगातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी निराळी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून करीत आले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, हातपाय काटकुळे, पण चरबी मात्र त्यांनी सांभाळून ठेवलेली. आईच्या पोटात ज्याला टंचाई शिकवली गेली, त्या शरीराला पुढे भरले ताट मिळाले की ते साखरेचा भार पेलू शकत नाही. म्हणजे ज्या आजाराचा जाब आपण चाळिशीतल्या माणसाला विचारतो, त्याची एक मुळी त्याच्या आईच्या आणि आजीच्या भुकेत रुजलेली असते. आता त्या भुकेचा दोष कोणाच्या नावावर लिहायचा?

दुसरी मुळी आपल्या गावच्या मातीतच शोधता येते. आमच्या कोकणपट्टीत एके काळी पावसाळ्यात घरातली सारी माणसे भाताच्या लावणीला चिखलात उतरत. बायका विहिरीवरून पाणी आणीत, भात कांडीत, जात्यावर तांदूळ दळीत. १९७० नंतर आखाताचा रस्ता खुला झाला. कुवेत, दुबई, सौदीहून पैसा येऊ लागला. घरे पक्की झाली, मुले शिकली. हे सारे चांगलेच झाले. पण शेते पडीक राहिली, जात्याच्या जागी चक्की आली, विहिरीच्या जागी नळ आला आणि मशिदीपर्यंत जायलाही स्कूटर निघू लागली. बदलले नाही ते ताट. दोन्ही वेळा भात, त्याबरोबर तांदळाची भाकरी, कालवणात नारळ. ते ताट दिवसभर चिखलात राबणाऱ्याचे होते. आता ते खुर्चीत बसणाऱ्यापुढे येते. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवरील कामगारांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला तेव्हा हेच दिसले होते. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. त्या कंडक्टरांनी व्यायामाचा संकल्प वगैरे काही केला नव्हता. त्यांची नोकरीच त्यांना चालवीत होती. आपल्या आजीचेही तसेच होते. तिच्या बारीक अंगाचे श्रेय तिच्या संयमाला द्यायचे आणि आपल्या वाढलेल्या अंगाचा ठपका आपल्या चारित्र्यावर ठेवायचा, हा न्याय नव्हे.

इथवर आलेला वाचक म्हणेल, मग प्रश्न संपला. दोष आपला नाही. चहात साखर घाला!

प्रश्न इथे संपत नाही, कारण उपाय हाताशी आहे. २००२ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ लोकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि वजन सात टक्क्यांनी उतरवणे एवढे ज्यांना सांगितले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ज्यांना मेटफॉर्मिनची गोळी दिली त्यांच्यात ३१ टक्क्यांनी. २०१७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या टाइनसाइड भागातल्या प्रयोगाने त्यापुढची गोष्ट दाखवली. मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ झालेला नाही आणि इन्सुलिन चालू नाही अशा रुग्णांना काही महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला सुमारे साडेआठशे उष्मांकांचा आहार दिला. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. पंधरा किलो किंवा जास्त वजन ज्यांनी उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी मात्र ते ४६ टक्के ३६ वर आले. उतरलेला आजार परतही येतो, हेही त्याच प्रयोगाने सांगितले. असा आहार मनाने सुरू करण्याचा नव्हे, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

आम्हांला या सर्वांहून धीर दिला तो चेन्नईच्या प्रयोगाने. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेला हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खाणे सुधारून आणि चालून मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोसुद्धा वजन फारसे न उतरता! काटा हलला नाही तरी शरीर आतून सुधारत होते. कारण सोपे आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात. चालणारा, ओझे उचलणारा स्नायू ती जास्त उचलतो. मुळात स्नायूच कमी घेऊन जन्मलेल्या आपल्यासारख्यांना तर ते कमावणे अधिकच गरजेचे. म्हणूनच आम्ही चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलतो, भिंतीला हात टेकून जोर काढतो, हात न टेकता खुर्चीतून उठबस करतो. याला जिम लागत नाही.

म्हणजे दोष नाही, पण उपाय आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात? इथे आपल्या परंपरेतला एक शब्द उपयोगी पडतो : अमानत. देह ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण वाजांतून अनेकदा ऐकतो. पण बहुधा ते दरडावण्यासाठी वापरले जाते. अमानत होती, तुम्ही खराब केली, आता जाब द्या! फिकहमध्ये अमानतदाराविषयीचा नियम याहून किती तरी समंजस आहे. ठेवलेली वस्तू सांभाळणाऱ्याच्या हयगयीशिवाय बिघडली, तर भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. मात्र हयगय करण्याची मुभाही त्याला नाही. समजा शेजारणीने हज्जला जाताना एक तांब्याचा हंडा आपल्याकडे ठेवायला दिला आणि त्याला आधीच एक चीर होती. ती चीर आपण पाडलेली नाही. पण चीर आहे हे कळल्यावर तो हंडा जपून उचलायचा, आपटायचा नाही, जमल्यास कल्हईवाल्याला दाखवायचा, हे आपले काम झाले. चीर असलेला हंडा धड हंड्यापेक्षा अधिक जपावा लागतो. जुनाट आजार असलेल्या देहाचे तसेच आहे. दोष मागे पाहतो आणि 'कोणी केले' हे विचारतो. जबाबदारी पुढे पाहते आणि 'आता काय करायचे' हे विचारते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'आम्ही नाही' असे आले, म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

वर्गात शिकवणाऱ्याला हे नवे वाटायचे कारण नाही. पाचवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल तर कारणे शंभर असतात. तिसरीत मास्तर बदलले असतील, घरी दिवा नसेल, मूल भुकेले येत असेल. त्याला 'ढ' म्हटल्याने भागाकार येत नाही, आणि 'तुझा काय दोष रे' म्हणून नुसते सोडून दिल्यानेही येत नाही. तो जिथे अडला आहे तिथून पुढची एक पायरी शिकवावी लागते. बी.एड.च्या पुस्तकांतून आम्ही जे काही घेतले त्यात एवढे पक्के ध्यानात राहिले.

तवक्कुलच्या नावाखाली हातपाय गाळणाऱ्यांना उंटाची हदीस आठवण करून द्यावी लागते : आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा. आणि रात्रंदिवस इबादत करणाऱ्या अबू दरदांना सलमान फारसींनी जे समजावले, की तुमच्या देहाचाही तुमच्यावर हक्क आहे, त्याला प्रेषितांनी दुजोरा दिला, ही रिवायत बुखारीत आहे. देहाचा हक्क! तो देताना आपण कोणावर उपकार करीत नाही आणि कोणाचे काही हिरावूनही घेत नाही.

आता इच्छाशक्तीविषयी. वजन उतरवलेला माणूस नकळत उपदेशक बनतो. 'मला जमले, तुम्हांला का जमत नाही?' नऊ किलो उतरल्यावर आमच्याकडेही लोक कौतुकाने पाहू लागले, आणि त्या कौतुकात दुसऱ्या कोणाची तरी निंदा दडलेली असते हे जाणवू लागले. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांचे रक्त वर्षभरानंतर तपासले. भूक वाढवणारी संप्रेरके तेव्हाही वर चढलेली होती आणि पोट भरल्याचे सांगणारी उतरलेली होती. शरीर गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी वर्षभर झगडत होते. ज्याचे वजन पुन्हा वाढले तो आळशी, असे म्हणणाऱ्याला त्याच्या आतल्या या झगड्याची कल्पना नसते.

याच संदर्भात नव्या इंजेक्शनांचा प्रश्न येतो. भूक कमी करून वजन उतरवणारी ही औषधे २०२५ साली लठ्ठपणावरील उपचारासाठी भारतातही विक्रीला आली. 'हा तर शॉर्टकट झाला, मेहनत न करता मिळालेले यश', असा शेरा लगेच ऐकू येतो. चष्मा लावणाऱ्याला आपण असे म्हणत नाही. ज्याला डॉक्टरांनी हे औषध दिले त्याने शरमून जाण्याचे कारण नाही. व्यवहाराच्या गोष्टी तेवढ्या डोळ्यांआड होऊ नयेत. वजनाबरोबर स्नायूही जातो, म्हणून व्यायाम आणि पुरेशी प्रथिने तिथेही सुटत नाहीत. औषध थांबले की वजन बहुधा परतते. आणि खर्च? तो शिक्षकाच्या पगारातही बोचतो, मग रोजंदारीवरच्या माणसाचे काय? नैतिक प्रश्न खरोखर असेल तर तो या ठिकाणी आहे.

अमानत सांभाळायची तर ती कशी सांभाळतात हे शिकणेही आलेच. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी जोराचा व्यायाम केला तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाने खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवूनच घराबाहेर पडावे, आणि खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून गोळीचे प्रमाण ठरवावे. पायाच्या बधिरपणामुळे फोड आलेला कळत नाही, म्हणून चप्पल फटकारत चालण्याऐवजी बंद बूट घालावा आणि रात्री तळपाय पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल तर जड वजने उचलण्यापूर्वी विचारावे. माहितीशिवायची हिंमत म्हणजे चीर पडलेला हंडा डोक्यावर घेऊन धावणे.

रमजानमध्ये हा सारा प्रश्न टोकाला जातो. आजाऱ्याला रोजातून सूट आहे, हे सूरह बकरहमध्येच स्पष्ट आले आहे. बरे झाल्यावर कजा करता येते, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याला फिदिया आहे. तरीही तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली तेव्हा दिसले की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ७९ टक्के रुग्णांनी निदान पंधरा रोजे धरले होते, आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रकार त्या महिन्यात त्यांच्यात साडेसात पटींनी वाढले होते. मिळालेली सूट न घेण्यात भक्ती असते खरी, पण तिच्यात शरमही मिसळलेली असते. घरात सगळे रोजेदार असताना आपण कोपऱ्यात बसून जेवायचे कसे, लोक काय म्हणतील! ही शरम आजारी माणसाची नाही, ती आपण त्याच्यावर लादलेली आहे. ज्यांना डॉक्टर परवानगी देतात त्यांनी महिना-दीड महिना आधी औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा सोडावाच लागतो, आणि त्या वेळी रोजा सोडणे हेच त्या देहाचे देणे असते. दिवसभर उपाशी राहून इफ्तारला भजी, शरबत आणि फेण्या यांवर तुटून पडणाऱ्याचे वजन रमजानअखेर वाढलेले निघते, त्याचे खापर मात्र रोज्यावर फोडू नये.

जबाबदारी एकट्या आजाऱ्याची नाही, हे आपल्या जेवणाच्या पद्धतीवरून सहज दिसते. आपण एका दस्तरखानावर बसणारी माणसे. पाहुणचार ही आपली शान आणि आग्रह हे पाहुणचाराचे मोजमाप. मागच्या ईदला आमच्या फुफूने शीरखुर्म्याची दुसरी वाटी पुढे केली.

"फुफू, माझी साखर वाढते गं."

"अगं ईदच्या दिवशी काही होत नाही. माझी कसम आहे तुला."

कसमेपुढे बोलणे खुंटते. नाही म्हटले तर मोठ्यांचा मान मोडतो, हो म्हटले तर देहाचा हक्क. आम्ही वाटी हातात घेतली, दोन चमचे खाल्ले आणि म्हणालो, "फुफू, कसम घालायचीच तर अशी घाल, की मी तुझ्या वयापर्यंत माझ्या पायांवर चालत तुझ्याकडे येईन." फुफू हसली. वाटी तिने स्वतः उचलून नेली. तेव्हापासून तिच्या घरी गेले की भाताच्या आधी आमच्यापुढे तळव्याएवढा भाजलेला बांगडा आणि कांद्या-काकडीची ताटली येते. तिचे प्रेम तेच, रूप तेवढे बदलले. आग्रह करणाऱ्याला हा बदल सुचवावा लागतो, पण तो करायचा त्यानेच. सून कुळथाचे पिठले आणि उकडलेली अंडी खाते आणि तिच्यासमोर बाकीचे घर बिर्याणी खाते, असे परहेज महिन्याभरात मोडते. भाताचा वाडगा सर्वांसाठी लहान झाला, कडधान्य आणि मासळी सर्वांच्या ताटात वाढली, तर आजारी माणूस ताटावर एकटा पडत नाही. नाचणीच्या भाकरीचे अलीकडे फार गुण गातात, तीही मोजूनच खायची. तिच्यातही पिष्टच असते.

तसेच वेळेचे. पुरुष फजरनंतर खाडीच्या रस्त्याने फेरी मारून येतो, कोणी काही विचारत नाही. बाई त्याच रस्त्याला लागली की 'कुठे चाललीस? काय काम काढलेस?' असे तीन ओट्यांवरून विचारणे होते. काम नसताना बाईने चालावे, हे आपल्याला अजून पटत नाही. तिचे चालणे पाण्यासाठी होते तोवर त्याला हरकत नव्हती. स्वतःच्या देहासाठी म्हटले की ती चैन ठरते. घरचा माणूस आखातात, सासूसासरे वयस्क, मुले लहान. या सर्वांतून अर्धा तास काढणारी बाई मनातून चोरासारखी वावरते. आम्हां तिघी शिक्षिकांनी शाळा सुटल्यावर शाळेच्याच मैदानाला पंधरा फेऱ्या मारण्याचा शिरस्ता ठेवला आहे. बुरखा अंगावर, पायांत बूट, आणि बोलणे गावगप्पांचे. प्रथम लोकांनी पाहिले, मग पाहणे सोडले, आता दोन पालक बायकाही येतात. चोरीची भावना एकटीने चालताना जेवढी होती तेवढी पाचजणींत उरत नाही.

शेवटी यशाचे माप कोणते? अमेरिकेतच मधुमेह असलेल्या ५,१४५ जाडजूड लोकांवर एक दीर्घ प्रयोग झाला. साडेनऊ वर्षांनंतरही वजन उतरवणाऱ्यांतले हृदयविकाराचे झटके इतरांच्या तुलनेत कमी झाले नाहीत, असा निकाल २०१३ साली लागला. पण त्यांना औषधे कमी लागली, झोप सुधारली, चालण्याफिरण्याची ताकद टिकली. हा निकाल आम्हांला निराश करणारा वाटत नाही. व्यायामाने मरण टळेल असा सौदा कोणी करूच नये. ते त्याच्या वेळी येईल. तोवर वजू करताना खाली वाकता यावे, सज्द्यातून आधाराशिवाय उठता यावे, नातवाला कडेवर घेता यावे, डोळ्यांना अक्षर दिसावे, एवढे मागणे रास्त आहे. जुनाट आजारात 'जिंकलो' म्हणून थांबण्याचा दिवस येत नाही. म्हणून इथे पराक्रमापेक्षा सातत्य मोठे. थोडे का असेना, पण नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय, असे प्रेषितांनी सांगितले आहे. ज्या आठवड्यात ताप आला, लग्नघर आले, परीक्षेचे पेपर तपासायचे आले, तो आठवडा चालण्यावाचून जातो. त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा बूट घालणे हीच त्यातली खरी कसोटी.

आणि ही जबाबदारी आपल्यापाशी संपत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींकडे पाहिले की याज्ञिकांची ती सहा खेडी आठवतात. पांढुरक्या नखांच्या, सकाळी नुसता चहा-बटर खाऊन आलेल्या, मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मुली. दहा-पंधरा वर्षांनी त्या आया होतील, आणि त्यांच्या हाडामासाचा हिशेब त्यांच्या बाळांच्या देहात उतरेल. त्या बाळांना पुढे कोणी 'तोंड आवरा' म्हणेल तेव्हा त्याची सुरुवात कुठे झाली हे कोणाला आठवणारही नाही. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला द्यायचा, आणि मुली मोठ्या झाल्या की त्यांना मैदानावर पाठवायचे नाही, ही आपल्या अनेक शाळांची रीत आहे. तो तास त्यांना परत द्यावा, घरातल्या अंड्याची आणि मासळीची वाटणी भावाच्या बरोबरीने व्हावी, एवढे आपल्या हाती आहे. त्या देहांची अमानत आज आपल्याकडे आहे आणि त्यांना अजून चीर गेलेली नाही.